आवाज बंद करा, कुत्र्याकडे पाहा

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, ते डॉक्टर जनावराला हात लावण्याआधी थोडा वेळ नुसते बघत उभे राहायचे. मालक आपल्या कुत्र्याची तक्रार सांगत असायचा आणि डॉक्टरांची नजर कुत्र्याच्या कानांवर, कमरेवर, शेपटीच्या मुळाशी फिरत असायची. आम्हा विद्यार्थ्यांना त्यांनी लावलेली ही सवय. आज मला जे सांगायचं आहे ते त्याच सवयीतून आलं आहे.

विषय आहे दूरचित्रवाणीवरच्या कुत्र्यांच्या कार्यक्रमांचा. चावणारं, भुंकणारं, सोफा फाडणारं, पट्टा ओढणारं कुत्रं. हतबल झालेलं कुटुंब. मग दारात येणारा तज्ज्ञ. आणि तासाभराच्या आत शांत बसलेलं तेच कुत्रं. स्मृतिव्याख्यानासाठी हा विषय हलका आहे असं काहींना वाटेल. मला तसं वाटत नाही. आज दवाखान्यात येणाऱ्या माणसाचं कुत्र्याबद्दलचं बरंचसं ज्ञान या कार्यक्रमांतून, किंवा त्यांचे तुकडे कापून केलेल्या रील्समधून आलेलं असतं. ‘आमचा अल्फा झालाय’, ‘ती डॉमिनेट करते’, ‘पॅक लीडर व्हायला पाहिजे’ ही भाषा सोलापुरातल्या आणि साताऱ्यातल्या घरांतही बोलली जाते. त्या भाषेपायी कुत्री मार खातात आणि माणसं चावून घेतात.

माझं म्हणणं एवढंच आहे. हे कार्यक्रम कॅमेरा कुत्र्यावर लावतात, पण आपल्याला ऐकायला लावतात माणसाचं. आवाज बंद करून तोच प्रसंग पाहिला की अनेकदा वेगळीच गोष्ट दिसते.

सर्वांत गाजलेलं उदाहरण घेऊ. सीझर मिलान हे मूळचे मेक्सिकोतल्या सिनालोआ प्रांतातले. अमेरिकेत आले, लॉस एंजेलिसमध्ये नाव कमावलं, आणि २००४ पासून २०१२ पर्यंत नॅशनल जिओग्राफिक वाहिन्यांवर त्यांचा ‘डॉग व्हिस्परर’ चालला. आपल्याकडेही केबलवर तो लोकांनी आवडीनं पाहिला. २०१२ मध्ये हॉली नावाच्या पिवळ्या लॅब्रॅडॉर कुत्रीचा भाग झाला. तक्रार अशी, की जेवणाच्या भांड्याजवळ कुणी आलं की ती अंगावर येते.

आवाज चालू ठेवून पाहिलं तर हा एका धाडसी माणसाचा प्रसंग आहे. आता आवाज बंद करा. हॉली खाते आहे. माणूस जवळ येतो, वाकतो. तिचं चघळणं थांबतं, अंग ताठ होतं, मान भांड्यावर खाली जाते. माझ्या दृष्टीनं इथेच तिनं सगळं सांगून झालं आहे. माणूस हटत नाही. ती दात दाखवते. तो तिच्या मानेला हातानं डिवचतो, ती झडप घालते. तो पुढे पुढे सरकत तिला भांड्यापासून मागे रेटतो. आता भांडं तिचं राहिलेलं नाही आणि तिनं ते सोडलंही आहे. ती तोंड फिरवते, ओठ चाटते, डोळे बारीक करते, खाली बसते. कुत्र्याच्या शरीराला याहून स्पष्टपणे ‘पुरे’ म्हणता येत नाही. पण पडद्यावर आपल्याला सांगितलं जातं की ती आता निवळली आहे. आणि मग तो हात तिच्या तोंडाजवळ जातो. ती चावते, चांगली खोल चावते. असं होईल असं वाटलं नव्हतं, अशी त्या तज्ज्ञांची प्रतिक्रिया होती.

पण ते दिसत होतं. कुत्र्यांची देहबोली शिकलेल्या कोणालाही ते दिसत होतं. चावण्याआधी कुत्रं पायरी पायरीनं वर चढतं हे आपल्या शास्त्रात जुनं झालेलं ज्ञान आहे. केंडल शेफर्ड या ब्रिटिश पशुवैद्य बाईंनी त्याची एक शिडीच मांडली आहे. तळाशी जांभई, नाक चाटणं, नजर वळवणं. मग तोंड फिरवणं, अंग चोरणं, लांब जाणं. त्यावर ताठ होऊन रोखून बघणं, गुरगुरणं, हवेत चावा मारणं. आणि अगदी वर खरोखर चावणं. खालच्या पायऱ्यांवर कुणी लक्ष दिलं नाही की कुत्रं वर चढतं. खालच्या पायऱ्यांबद्दल त्याला शिक्षा झाली तर ते त्या पायऱ्या गाळायला शिकतं. ‘न गुरगुरता अचानक चावला’ अशी तक्रार घेऊन माणसं येतात, तेव्हा मी आधी विचारतो की पूर्वी गुरगुरायचा तेव्हा तुम्ही काय करत होता. बहुतेक वेळा उत्तर येतं, फटका देत होतो.

गुरगुर ही आपल्याला मिळालेली सूचना आहे. ज्या देशात कुत्रा चावला की जखम १५ मिनिटं साबण-पाण्यानं धुऊन लसीसाठी पळावं लागतं, जिथे रेबीजनं आजही माणसं मरतात, तिथे ही सूचना बंद पाडणारा सल्ला देणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं.

आता या सगळ्यामागचा जो ‘अल्फा’ आहे, तो आला कुठून? १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल या संशोधकानं स्वित्झर्लंडमधल्या बाझल प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंदिस्त जागेत कोंडलेले लांडगे, ज्यांना एकमेकांपासून लांब जायची सोय नाही. त्यांच्यात भांडणं झाली, वरचे-खालचे ठरले. डेव्हिड मेक या अमेरिकी जीवशास्त्रज्ञानं १९७० मध्ये लांडग्यांवर जे मोठं पुस्तक लिहिलं त्यात ही अल्फाची कल्पना आली आणि तिथून ती जगभर पसरली. पुढे याच मेक यांनी कॅनडाच्या उत्तर टोकाला, एल्समिअर बेटावर, १९८६ पासून अनेक उन्हाळे रानटी लांडग्यांच्या एका कळपाजवळ काढले. त्यांना दिसलं ते असं: कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची लहानमोठी पिल्लं. पुढारी आहेत, पण आई-बाप पुढारी असतात तसे. लढून मिळवलेलं सिंहासन वगैरे काही नाही. १९९९ मध्ये त्यांनी शोधनिबंध लिहून हे स्पष्ट सांगितलं. स्वतःचं खपणारं पुस्तक छापणं थांबवावं म्हणून ते प्रकाशकाच्या मागे लागले आणि अखेर २०२२ मध्ये ते थांबलं. आपल्या पुस्तकातली चूक दुरुस्त करण्यासाठी माणूस इतकी वर्षं झगडतो, याचं मला फार मोल वाटतं. हीच दुरुस्ती दूरचित्रवाणीनं केली असती तर किती बरं झालं असतं.

कुत्र्याला पाठीवर उताणं पाडून दाबून धरायचं, ज्याला ‘अल्फा रोल’ म्हणतात, त्याचा प्रसार न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू स्केट मठातल्या साधूंच्या १९७८ च्या पुस्तकानं केला. त्यांनीही नंतरच्या आवृत्तीत ती शिफारस मागे घेतली. म्हणजे अल्फाची कल्पना जगभर नेणारे मागे फिरले, अल्फा रोलचे प्रसारक मागे फिरले, आणि २००४ मध्ये पडद्यावर तीच कल्पना नव्यानं सुरू झाली.

शिवाय कुत्रा म्हणजे लांडगा नव्हे. यासाठी दूर जायला नको. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी आपल्या रस्त्यांवरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतात. ही कुत्री शिकारीवर जगत नाहीत, माणसाच्या उरल्यासुरल्यावर जगतात. २०१७ मध्ये त्यांनी दाखवलं की अनोळखी माणसाशी वारंवार गाठ पडल्यावर ही कुत्री खाऊपेक्षा अंगावरून फिरणाऱ्या हाताला जास्त मोल देतात. ज्यांना रोज दगड आणि काठ्या खाव्या लागतात त्या कुत्र्यांची ही गोष्ट आहे. त्यांना सत्ता गाजवायची असती तर त्यांनी हाताची वाट पाहिली नसती.

तरीही मिलान यांचं एक श्रेय मी मनापासून देतो. कुत्र्याला रोज भरपूर चालवलं पाहिजे, हे त्यांनी कोट्यवधी लोकांच्या डोक्यात घातलं. आपल्याकडे दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये हस्की बांधून ठेवतात आणि रात्री दहा मिनिटं खाली नेऊन आणतात. अशा घरांतल्या ‘वर्तन समस्यां’पैकी कितीतरी नुसत्या चालण्यानं सुटतील. पिटबुलसारख्या बदनाम जातीच्या कुत्र्यांना त्यांनी पडद्यावर प्रेमानं वागवून दाखवलं. त्यांचा डॅडी नावाचा पिटबुल पाहून अनेकांच्या मनातली भीती गेली असेल. हा माणूस कुत्र्यांचा द्वेष करतो असं मला कधीच वाटलं नाही. पण प्रेम करणाऱ्या माणसाच्या हातूनही चुकीचं तंत्र वापरलं गेलं तर कुत्र्याला दुखतंच, आणि हजारो घरांत ते उचललं गेलं तर ते दुखणं हजारपट होतं.

हे नुसतं माझं मत नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुरुग्णालयात वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या १४० मालकांना मेघन हेरॉन आणि सहकाऱ्यांनी विचारलं, की तुम्ही घरी काय काय करून पाहिलंत आणि कुत्र्यानं काय केलं. २००९ मध्ये ते छापून आलं. मारलं किंवा लाथ घातली असं सांगणाऱ्यांपैकी ४३ टक्के लोकांच्या कुत्र्यांनी उलट आक्रमण केलं. कुत्र्यावर आपणच गुरगुरलो असं म्हणणाऱ्यांत ४१ टक्के. तोंडातली वस्तू जबरदस्तीनं काढणाऱ्यांत ३९. अल्फा रोल करणाऱ्यांत ३१, आणि नुसतं डोळ्यांत रोखून बघणाऱ्यांत ३०. काही न दुखवता बघणंसुद्धा धमकी ठरू शकतं! मऊ पद्धतींनी असं क्वचितच घडलं. अमेरिकन ह्युमेन असोसिएशननं २००६ मध्येच ‘डॉग व्हिस्परर’ थांबवा असं वाहिनीला सांगितलं होतं. अमेरिकेतल्या वर्तनतज्ज्ञ पशुवैद्यांच्या संघटनेनं २००८ मध्ये दबावाच्या पद्धतींविरुद्ध भूमिका जाहीर केली. कार्यक्रम त्यानंतरही चार वर्षं चालला. पडद्यावर मात्र तज्ज्ञाला विचारल्याशिवाय हे घरी करू नका अशी पाटी झळकत राहिली. जे घरी करू नये ते घरोघरी शिकवण्यासारखं का दाखवायचं, याचं उत्तर ती पाटी देत नाही.

शांतपणाबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण सगळा घोळ तिथे आहे. त्याच कार्यक्रमात केन नावाच्या एका ग्रेट डेनचा भाग होता. त्याला चकचकीत फरशीची धास्ती. मिलान पट्टा धरून त्याला वेगात पळवत फरशीवर नेतात. कुत्रा लाळ गाळतो, धापा टाकतो, पाय रोवतो. थोड्या वेळानं चालू लागतो. मालकिणीचे डोळे भरून येतात. या पद्धतीला आमच्याकडे ‘फ्लडिंग’ म्हणतात. भीती ज्याची आहे त्यातच बुडवून ठेवायचं, सुटायची वाट ठेवायची नाही. केनच्या बाबतीत ते जमलं असेल. पण दहा कुत्र्यांपैकी कोणाचं जमेल आणि कोण आतून मोडेल, हे बाहेरून सारखंच दिसतं. दोघंही विरोध करणं थांबवतात.

१९६७ मध्ये, त्याच पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात, मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांना टाळता न येणारे विजेचे झटके दिले. पुढे त्या कुत्र्यांना साधा अडथळा ओलांडून सुटता येत होतं, तरी त्यांतली बरीच तिथेच पडून राहिली. क्रूर प्रयोग होता आणि त्याची किंमत त्या कुत्र्यांनी दिली, म्हणून निदान त्यातून जे कळलं ते नीट लक्षात ठेवू. अर्धशतकानंतर, २०१६ मध्ये, त्याच दोघांनी मेंदूच्या नव्या अभ्यासाच्या आधारे आपला निष्कर्ष उलटा केला. हतबलता शिकावी लागत नाही, लांबलेल्या त्रासात ती आपोआप येते. शिकावं लागतं ते याच्या उलट: आपल्या करण्यानं काही बदलतं, ही खात्री. ज्या कुत्र्याचं ‘नको’ कधीतरी ऐकलं जातं त्याला ही खात्री येते. ज्याचं कधीच ऐकलं जात नाही ते गप्प होतं, आणि कॅमेरा त्याला शांत म्हणतो.

पोर्तुगालमधल्या आना कातारिना व्हिएरा दे कास्त्रो आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये शिक्षेवर आणि बक्षिसावर भर देणाऱ्या प्रशिक्षण शाळांतल्या ९२ कुत्र्यांचा अभ्यास छापला. लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, मोजलं, वागण्याचं चित्रण केलं. मग एक भांडं ठेवलं. ते एका बाजूला असलं की त्यात खाऊ, दुसऱ्या बाजूला असलं की रिकामं. हे कुत्र्यांना कळल्यावर भांडं मधोमध ठेवलं. शिक्षेच्या शाळेतली कुत्री त्याकडे जास्त हळू गेली. त्यांना वाटत होतं, काही नसेल त्यात. आज्ञा ऐकणाऱ्या, रांगेत चालणाऱ्या कुत्र्यांच्या मनाचा हा अंदाज कुठल्याच कार्यक्रमात दिसत नाही.

बाकीच्या कार्यक्रमांबद्दल थोडक्यात. बीबीसीनं १९८० मध्ये बार्बरा वुडहाउस यांची मालिका दाखवली. सत्तरीला टेकलेल्या, करड्या शिस्तीच्या बाई, हातात चोक चेनचा झटका. पण त्यांचा रोख कुत्र्यापेक्षा मालकावर जास्त असायचा आणि तो बरोबर होता. २००५ मध्ये चॅनेल फोरवर व्हिक्टोरिया स्टिलवेल आल्या, बक्षिसावर भर देणाऱ्या. त्यांच्या कुत्र्यांची शरीरं मला पडद्यावर जास्त मोकळी दिसतात. २०१७ पासून चॅनेल फाइव्हवर ग्रॅहम हॉल आहेत. २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेल्या एका मालिकेतल्या साधनांवर पुन्हा तोच वाद पेटला. या सगळ्यांत पद्धतींचा फरक मोठा आहे, पण एक खोड सगळ्यांत आहे: घाई. मऊ पद्धतसुद्धा तासाभराच्या भागात कोंबली की मालकाला वाटतं, चार बिस्किटांत कुत्रं सुधारायला हवं. नाही सुधारलं की तो पट्ट्याचा झटका दाखवणाऱ्या रीलकडे वळतो.

आणि पशुवैद्य तर यात जवळजवळ दिसतच नाही. लिंकन विद्यापीठातले डॅनियल मिल्स आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये लिहिलं की त्यांच्याकडे पाठवल्या जाणाऱ्या वर्तनाच्या केसेसपैकी, हात राखून अंदाज केला तरी, सुमारे एक तृतीयांशांत काही ना काही दुखणं असतं आणि काही ठिकाणी हा आकडा ८० टक्क्यांजवळ जातो. खुब्याचा सांधा, दुखरा दात, कानातलं इन्फेक्शन, पोटाचा त्रास. पाठीला हात लावल्यावर गुरगुरणाऱ्या जर्मन शेफर्डला शिस्तीची नव्हे, एक्स-रेची गरज असू शकते. ज्या कार्यक्रमात तज्ज्ञ दारातून आत येऊन थेट पट्टा हातात घेतो, त्यानं पहिल्या मिनिटालाच चूक केलेली असते.

दिवाळी तोंडावर आली की एक वाक्य हमखास ऐकू येतं: फटाक्याला घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेऊ नका, भीती वाढते. हेही मोठ्या प्रमाणात पडद्यावरून आलं आहे. भीती ही भावना आहे. जवळ घेतल्यानं कुणी जास्त घाबरायला शिकत नाही. तुमचं कुत्रं पलंगाखालून येऊन तुमच्या मांडीला टेकत असेल तर टेकू द्या. खिडक्या लावा, पंखा आणि टीव्ही मोठ्यानं चालू ठेवा, फिरायला संध्याकाळ व्हायच्या आत न्या. फार त्रास होत असेल तर पंधरा दिवस आधी आपल्या डॉक्टरांशी औषधाबद्दल बोला.

आपल्याकडे गल्लोगल्ली ‘ट्रेनर’ झाले आहेत. त्यांच्यातले काही उत्तम आहेत. काही पिल्लू घेऊन जातात आणि महिनाभरानं ‘तयार’ करून आणून देतात. त्या महिन्यात काय झालं ते मालकाला कळत नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली मारणं, लाथाडणं, विनाकारण वेदना देणं गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याला त्यात लिहिलेला दंड दहा ते पन्नास रुपये आहे. तेव्हा कायद्याचा आधार फारसा नाही. आधार आहे तो मालकाच्या डोळ्यांचा. ट्रेनर शिकवत असताना समोर उभं राहू देत नसेल तर त्याच्याकडे कुत्रं देऊ नका. उभं राहू देत असेल तर ट्रेनरकडे नव्हे, कुत्र्याकडे बघा. शेपूट पोटाखाली आहे का, कान मागे पडलेत का, डोळ्याचा पांढरा भाग दिसतोय का, तो त्या माणसाकडे आपण होऊन जातो का.

पुन्हा हॉलीकडे येतो, कारण तिची तक्रार आपल्या घरांतही नेहमीची आहे. भांड्याजवळ गुरगुरणाऱ्या कुत्र्याचं करायचं काय? पहिलं म्हणजे त्याला निवांत खाऊ द्या. लहान मुलं त्या खोलीत जाणार नाहीत एवढं बघा, मधे दार लावा. घरातल्या कित्येक चाव्यांचं कारण एवढ्यानं संपतं. मग, काही करायचंच असेल तर, कुत्रं ताठ होत नाही इतक्या लांबून जाता जाता भांड्याच्या दिशेनं चिकनचा तुकडा टाका आणि थांबू नका, पुढे निघून जा. रोज तेच. काही दिवसांनी तुम्ही दिसलात की ते मान वर करून शेपूट हलवतं, कारण तुम्ही आलात की काही जात नाही, उलट येतं. मग एक पाऊल जवळ. ते ताठ झालं तर दोन पावलं मागे. महिने लागतील. हे चित्रित केलं तर अतिशय कंटाळवाणं होईल, कारण त्यात कुणी चावत नाही आणि कुणी जिंकत नाही.

मराठी वाहिन्यांपैकी कुणाला असा कार्यक्रम करावासा वाटला तर माझी मागणी साधी आहे. पहिल्या भागात कुत्र्याला पशुवैद्याकडे न्या आणि तपासणी दाखवा. चावा घडवून आणू नका. अमुक दृश्यानंतर किती आठवडे गेले ते पडद्यावर लिहा. सहा महिन्यांनी त्याच घरी परत जा, आणि ते कुत्रं तेव्हा तिथे नसेल तर तेही दाखवा. आणि निवेदक बोलत असताना थोडा वेळ त्याचा आवाज बंद ठेवा, म्हणजे घरोघरचे लोक कुत्र्याच्या कानांकडे बघतील.